जाणण्याचा अधिकार आणि न जाणण्याचा

मेंदूच्या आनुवंशिक रोगांच्या इतिहासात डॉ. नॅन्सी वेक्सलर यांच्या कार्याला वेगळे स्थान आहे. ज्या रोगाचा शोध त्यांनी घेतला, तो त्यांच्याच घरात होता.

जॉर्ज हंटिंग्टन या अमेरिकन वैद्याने १८७२ मध्ये वर्णिलेला हा रोग बहुधा तिशी-चाळिशीत प्रकट होतो. अंगाच्या हालचालींवरील ताबा सुटतो. पुढे बुद्धीचाही ऱ्हास होतो. रोग्याच्या प्रत्येक अपत्याला तो वारशाने मिळण्याचा संभव निम्मा असतो. वेक्सलर यांच्या मातेला हा रोग असल्याचे १९६८ मध्ये निष्पन्न झाले. मानसशास्त्राच्या या अभ्यासिकेने मग त्याच रोगाच्या संशोधनाला वाहून घेतले.

व्हेनेझुएलात माराकायबो सरोवराकाठच्या कोळ्यांच्या वस्त्यांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. अमेरिको नेग्रेटे या तेथील डॉक्टरांनी १९५५ मध्येच त्याचे वर्णन केले होते. १९८१ पासून वेक्सलर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे तेथे जात राहिले. सुमारे १८,००० व्यक्तींची वंशावळ तयार झाली. ४,०००हून अधिक जणांनी रक्ताचे नमुने दिले. या बाईंच्या आईलाही हाच रोग होता, हे कळल्यावर रक्त देण्यास कचरणाऱ्यांचा संकोच कमी झाला.

या साहाय्याचे फळ लवकरच मिळाले. १९८३ मध्ये जेम्स गुसेला यांच्या गटाला चौथ्या गुणसूत्रावर रोगाच्या जनुकाजवळची खूण सापडली, आणि १९९३ मध्ये अनेक प्रयोगशाळांच्या संयुक्त प्रयत्नांनी प्रत्यक्ष जनुक हाती आले. त्यात ‘सीएजी’ या तीन अक्षरांची पुनरावृत्ती होते. ती चाळीस किंवा अधिक वेळा झालेली असल्यास पुढे रोग जडतो.

आता रोगाचे भाकीत करता येऊ लागले. उपाय मात्र नव्हता. निरोगी तरुणाला त्याचे भवितव्य सांगावे काय? चाचणी स्वेच्छेनेच व्हावी आणि तिच्या आधी व नंतर समुपदेशन मिळावे, असा आग्रह वेक्सलर यांनी धरला. त्यांनी स्वतः चाचणी करून घेतली नाही. आपल्यालाही हा रोग झाल्याचे त्यांनी २०२० मध्ये जाहीर केले.

हा रोग बरा करणारे औषध आजही नाही. सरोवराकाठच्या ज्या दरिद्री कुटुंबांनी आपले रक्त दिले, त्यांचे ऋण विज्ञानाच्या माथ्यावर अजून तसेच आहे.