नशिबाच्या नावावर

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या डुबीत मध्य प्रदेशातली १९२ खेडी आणि एकच शहर आलं. ते शहर म्हणजे धार जिल्ह्यातलं, नर्मदेच्या उत्तर तीरावरचं धरमपुरी. अशा बुडणाऱ्या गावांत एकाला मोबदला मिळाला, लागूनच्या घराला नाही, की आपण ‘ज्याचं त्याचं नशीब’ म्हणतो आणि बोलणं तिथंच थांबवतो. नशीब असतंच. कुणाचं घर चढावर, कुणाचं उतारावर, हे काही कर्तृत्व नव्हे. पण नशिबाच्या नावावर आपण फार काही खपवून घेतो, असं माझं मत आहे. १९७९ साली नर्मदा पाणीतंटा लवादानं निवाडा दिला, की ज्याची चौथाईहून अधिक जमीन जाईल त्याला किमान दोन हेक्टर जमीन द्यावी आणि सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरावा. त्या काळी हा निवाडा उदारच होता, जरी सज्ञान मुलीचा त्यात विचार नव्हता. आता सख्खे दोन भाऊ घ्या. ठरल्या तारखेला थोरल्याला अठरा पुरी, धाकट्याला चार महिने कमी. थोरला हक्कदार, धाकटा नाही. जन्माची वेळ दैवाची खरी; पण त्या चार महिन्यांना दोन हेक्टरांचं मोल आलं ते नियमामुळे.

कुणी म्हणेल, रेषा कुठं तरी आखावीच लागते आणि रेषेलगतचा माणूस नेहमीच दुर्दैवी ठरतो. कबूल. पण रेषा आखणाऱ्याचं गणित चुकलं, तर त्याला दुर्दैव कसं म्हणायचं? धरणाशी पाणी १३८.६८ मीटरवर असलं, तरी वरच्या अंगाला नदीला पूर आला की फुगवटा त्याहून वर चढतो. हा फुगवटा नव्यानं मोजून मध्य प्रदेशातली १५,९४६ कुटुंबं डुबीबाहेर ठरवली गेली. २०२३च्या सप्टेंबरात नर्मदेला मोठा पूर आला, आणि धार-बडवानी जिल्ह्यांच्या काठावर ज्या घरांत पाणी शिरलं, त्यांत डुबीबाहेर ठरलेली घरंही होती. पाऊस दैवाचा म्हणा हवं तर. त्या घरांना ‘तुम्ही सुरक्षित आहात’ हे सांगणारा कागद मात्र माणसांनीच लिहिला होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सारखाच मोबदला घेऊन एकानं शेती उभी केली, दुसऱ्यानं पैसा उडवला. मग कष्टाला काहीच अर्थ नाही का? आहे, निश्चित आहे. पण कष्टांची तुलना सारख्या जमिनीवरच करता येते. काळ्या, ओलिताच्या रानात राबणारा आणि मुरमाड माळावर राबणारा, दोघांचा घाम सारखाच. पीक सारखं येत नाही. जमीन कुणाला कोणती मिळाली, हे आधी तपासावं आणि मग एखाद्याला आळशी म्हणावं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. डुबीबाहेर ठरवलेल्या घरांची पुन्हा मोजणी करा, आणि २०२३ साली पाणी भिंतीवर जिथवर चढलं, ती खूण त्या मोजणीला आधार धरा.