पोतं मोजून घ्या



सोलापूरच्या बाजार समितीत कांदा घेऊन गेलेला शेतकरी काट्यापाशीच उभा राहतो. पोतं वर चढलं की त्याची नजर हलत नाही. आडत्यावर त्याचा अविश्वास असतो असं नव्हे; माल आपला आहे, ही जाणीव असते. मग गावच्या शाळेत पोषण आहाराच्या तांदळाची गाडी येते, तेव्हा हाच शेतकरी कुठं असतो?

हे धान्य सरकार देतं आणि शाळेपर्यंत पोचवण्याचं काम ठेकेदाराकडे असतं. पण करार असतो कचेरीच्या कपाटात, आणि माल उतरतो तुमच्या शाळेच्या ओट्यावर. खरी तपासणी व्हायची ती तिथंच.

माझ्या ओळखीच्या एका गुरुजींकडे अशीच दिवेलागणीला गाडी आली. चालक म्हणाला, "गुरुजी, सही करा की बिगीबिगी. अजून सहा शाळा हायत." गुरुजी म्हणाले, "बाबा, चहा घे, बस. पण पोती काट्यावर चढल्याबिगर सही न्हाई." वाण्याचा काटा आणवला. बारदानाचं वजन वजा करून पाहिलं, तर दहांपैकी चार पोती दोन-दोन किलोंनी कमी! गुरुजींनी भरलं तेवढंच वजन पावतीवर लिहिलं आणि मग सही केली.

आठ किलो म्हणजे काही फार नाही, असं कुणी म्हणेल. हिशेब करा. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम. आठ किलो म्हणजे लहान मुलांची ८० ताटं. न मोजता सही केली असती, तर कागदावर पोती पुरी आणि तूट मात्र पोरांच्या पोटात. उद्या साठ्याची तपासणी झाली, तर जाब द्यायचा तोही गुरुजींनीच.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. जिथं कुणी मोजत नाही, तिथं माप मारणाऱ्याला कमी दरात ठेका घेणं परवडतं, आणि पुरं माप देणारा मागं पडतो. म्हणून देखरेख ही प्रामाणिक ठेकेदाराचीही राखण आहे.

२०१५च्या नियमांप्रमाणे जेवण वाढण्याआधी शिक्षकानं चाखून पाहायचं असतं, आणि स्वच्छतेवर व दर्जावर शाळा व्यवस्थापन समितीनं लक्ष ठेवायचं असतं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असं म्हटलं आहे. धान्य ओलं आहे की किडकं, हे मूठभर हातात घेताच ओळखणाऱ्या आमच्या मायबहिणींपेक्षा चांगला तपासनीस कोणता?

गुरुजनहो, सही ही साक्ष आहे. पाहिल्याशिवाय साक्ष देऊ नका. आणि गावकरी मंडळी, गुरुजींना एकटं पाडू नका. गाडीचा हॉर्न वाजला, की दोघांनी तरी शाळेकडे जा. जाताना काटा न्यायला विसरू नका.