एका संस्थानाची तीन कलमं

(देगलूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



घटनादुरुस्ती म्हटलं की माणूस दिल्लीकडे बघतो. मी आज बिचकुंद्याकडे बघून बोलणार आहे.

इथल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे, तरुणांपैकी किती जणांना ठाऊक असेल सांगता येत नाही: बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन्ही सर्कल १९५६ पर्यंत आपल्या देगलूर तालुक्यात होती. राज्य पुनर्रचना कायद्यात तालुक्याचं नाव घेऊन लिहिलं आहे की देगलूर तालुक्यातली बिचकुंदा व जुक्कल आणि मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा व कुबेर ही सर्कल नांदेड जिल्ह्यातून आंध्रात जातील. त्या बदल्यात म्हणा किंवा त्याच हिशेबात म्हणा, आदिलाबादकडून किनवट, इस्लापूर, राजुरा इकडे आले आणि बीदरकडून उदगीर, निलंगा, अहमदपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला तालुका तुटला. माझी आत्या बिचकुंद्याला दिलेली. आजोबांनी लेक तालुक्यातल्या तालुक्यात दिली होती, आणि दोन वर्षांत ती परराज्यात गेली. ती कुठे हलली नव्हती, हलली ती हद्द.

हे करायला घटनादुरुस्तीसुद्धा लागत नाही. घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे संसद साध्या बहुमतानं राज्याची सीमा बदलू शकते. राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, पण ते मानलंच पाहिजे असं बंधन नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केलं होतं की भारताचा संघ राज्यांच्या आपापसातल्या करारातून झालेला नाही, म्हणून कुणाला फुटून निघण्याचा अधिकार नाही. मला ते पटतं. पण संघ करारातून झाला नसला, तरी जी माणसं एका राज्यातून उचलून दुसऱ्यात ठेवली, त्यांना काहीतरी शब्द द्यावा लागतो. तो शब्द घटनेत कसा लिहिला गेला, हाच आजचा विषय.

निजामाचं हैदराबाद राज्य १९५६ मध्ये तीन ठिकाणी वाटलं गेलं. तेलंगण आंध्रात, बीदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूरमध्ये, मराठवाडा द्विभाषिक मुंबईत. आपण देगलूरकर या तिन्हींच्या सांध्यावर बसलो आहोत. मदनूरचा रस्ता धरला की तेलंगण, हाणेगावच्या पुढे गेलं की कर्नाटकातलं औराद. या तिन्ही भागांत शेतीचा जुना वाद निघाला की वकील आजही एकच कागद मागतो: खासरा पाहणी, १९५४-५५. तहसील कचेरीत तो कागद तुमच्यापैकी अनेकांनी हातात धरला असेल. कडा झिजलेल्या, घडीवर फाटलेला, नावापुढे कब्जेदाराचा रकाना. हाच कागद बिचकुंद्याच्या शेतकऱ्याच्या पेटीत आहे, औरादच्याही. तिघांचा आरंभ एक. पुढे तिघांना घटनेनं जे दिलं ते मात्र एक नाही.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३७१ नव्यानं लिहिलं गेलं. त्यात तेलंगणासाठी विधानसभेची प्रादेशिक समिती आली, आणि मुंबई राज्यासाठी, म्हणजे विदर्भ, मराठवाडा व इतर विभागांसाठी, वेगवेगळ्या विकास मंडळांची तरतूद आली. राष्ट्रपती आदेश काढून राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू शकतील: मंडळं स्थापावीत, त्यांचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे यावा, विकासाचा पैसा न्याय्य वाटला जावा, तंत्रशिक्षण आणि सरकारी नोकरीत पुरेशी संधी मिळावी. याच्या मुळाशी २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार आहे. खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि मराठवाड्याच्या मागासपणामुळे त्याकडे विशेष लक्ष, असं त्या करारात लिहिलं होतं.

तेलंगणातही पहिल्यांदा अशीच मोघम भाषा होती. तिनं भागलं नाही. १९६९ ला तिथे आंदोलन पेटलं. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुल्की नियम कायम ठेवले, तेव्हा उलट बाजूनं आंध्र पेटला. मुल्की हा शब्द आपल्या घरातला आहे. १९१९ च्या फर्मानानं निजामानं नोकऱ्या मुल्कींसाठी राखल्या होत्या. पंधरा वर्षं राहिलेला तो मुल्की, बाकीचे गैरमुल्की. या सगळ्या रणातून १९७३ चं सहा कलमी सूत्र निघालं, आणि त्यातून बत्तिसावी घटनादुरुस्ती. जुनी प्रादेशिक समिती गेली, कलम ३७१-ड आलं. १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं राज्याचे भाग पाडले आणि कोणत्या पदावर, कोणत्या महाविद्यालयात स्थानिकाला किती जागा, ते ठरवून दिलं. त्या आदेशाला मुदत नव्हती.

मागच्या दिवाळीत बिचकुंद्याला गेलो होतो. आतेभावाच्या नातीनं नोकरीचा अर्ज भरायला काढला होता. चटईवर प्लॅस्टिकची फाईल उघडली, आणि तिच्यात शाळेची बोनाफाईड सर्टिफिकेटं इयत्तेप्रमाणे ओळीनं लावलेली. एकेका वर्षाचा वेगळा कागद, हेडमास्तरांची सही, गोल शिक्का. मार्कमेमो त्यांच्या मागे होता. मी विचारलं, गुणांच्या आधी हे का? आतेभाऊ म्हणाला, “मामाच्या पोरा, गुण सगळ्यांकडे असतात. ही लोकल होण्याची वर्षं आहेत, ही हरवली तर पोरगी परकी.” पोरीनं कागद पुन्हा मोजले आणि फाईल उशाशी ठेवली.

मंडळी, घटनेतलं एक कलम त्या फाईलपर्यंत पोचलं आहे. आपलं कलम कुठपर्यंत पोचलं?

१९५६ ला लिहिलेली मंडळं आपल्याला मिळाली १९९४ मध्ये. मध्ये अडतीस वर्षं. १९७४ ला मराठवाड्यातले विद्यार्थी विकास आंदोलनात रस्त्यावर आले. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरत राहिले. वि. म. दांडेकरांच्या समितीनं १९८४ मध्ये जिल्हावार मोजणी केली. त्यांनी राज्याच्या सरासरीची पट्टी लावली आणि तिच्याखाली जे राहिलं त्याला अनुशेष म्हटलं. एकूण सुमारे ३,१८७ कोटी, त्यातला मराठवाड्याचा सुमारे ७५० कोटी. रकमेत उर्वरित महाराष्ट्राचा अनुशेष आपल्याहून मोठा निघाला होता, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. कोकणातल्या, खानदेशातल्या माणसाचं दुःख आपल्या दुःखानं झाकू नये. त्याच १९८४ च्या जुलैत विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंडळांसाठी ठराव केला, आणि राष्ट्रपतींच्या आदेशाला आणखी दहा वर्षं लागली.

मंडळांनी काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. अभ्यास झाले, राज्यपालांचे निर्देश निघाले, निधीवाटपाला सूत्र आलं. पण मंडळांना मुदत होती. मुदत संपली की वाढवायची, पुन्हा संपली की पुन्हा वाढवायची. ३० एप्रिल २०२० ला ती संपली आणि त्या वेळी वाढवली गेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं पुनर्स्थापनेचा निर्णय घेतला, पण मंत्रिमंडळाच्या निर्णयानं मंडळ उभं राहत नाही, त्याला राष्ट्रपतींचा आदेश लागतो. मुदत संपली त्या दिवशी देगलूरच्या बाजारात कुणाला काही जाणवलं का? नाही जाणवलं, आणि मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच. बिचकुंद्यात स्थानिक असण्याचा नियम उद्या रद्द झाला तर घराघरातून फायली घेऊन लोक बाहेर येतील.

आता तिसरा भाऊ. बीदर-गुलबर्ग्याला १९५६ मध्ये काहीच मिळालं नव्हतं. त्यांनी आपल्याकडेही पाहिलं आणि तेलंगणाकडेही. वैजनाथ पाटलांसारख्या माणसांनी ही मागणी लावून धरली, ती एकदा केंद्रानं नाकारलीही, आणि अखेर अठ्ठ्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनं कलम ३७१-जे आलं. १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू. ते कलम वाचा. पहिला भाग जवळपास आपलाच आहे: मंडळ, वार्षिक अहवाल, न्याय्य निधी. पण आपलं कलम जिथे थांबतं, तिथून त्यांचं पुढे जातं. त्या भागात जन्मलेल्या किंवा तिथल्या रहिवासी विद्यार्थ्यांसाठी शिक्षणसंस्थांत जागा राखता येतील, सरकारी पदं निश्चित करून त्यात राखीव प्रमाण ठेवता येईल, असं तिथे शब्दांत लिहिलं आहे. आपल्या कलमातही नोकरीचा उल्लेख आहे, पण “पुरेशी संधी” एवढाच. पुरेशी म्हणजे किती, हे कोणत्या कोर्टात सिद्ध करणार?

प्रदेशाप्रदेशाला वेगळं कलम कशाला, असं कुणी विचारेल. कॅनडानं १९८७ ते १९९२ या काळात दोनदा घटना बदलायचा प्रयत्न केला. क्वेबेकचं वेगळेपण आणि बाकी सगळं एकाच गाठोड्यात बांधलं, आणि दोन्ही वेळा ते गाठोडं पडलं. पहिलं दोन प्रांतांच्या संमतीअभावी, दुसरं सार्वमतात. आपण तसं केलं नाही. नागालँड, सिक्कीम, मिझोराम, ज्या प्रदेशाची जी अडचण तिच्यापुरतं एकेक कलम जोडत गेलो. हा रस्ता मला शहाणपणाचा वाटतो. शिवाय कलम ३७१ बदलायला निम्म्या राज्यांच्या विधानसभांची संमती लागत नाही, संसदेचं विशेष बहुमत पुरतं.

एक शंका मला स्वतःलाही छळते. आपली मुलं पुण्याला शिकतात, हैदराबादला शिकतात. प्रत्येक प्रदेशानं आपापलं दार लावलं तर देगलूरचा मुलगा कुठे जाणार? हैदराबादला तो आजही परका आहे. म्हणून सगळी दारं लावा असं मी म्हणत नाही. कर्नाटकानं राखलं ते एक प्रमाण आहे, सगळ्या जागा नव्हेत, आणि त्यानं कर्नाटक फुटलं नाही.

काही वर्षांपूर्वी आपल्याच पट्ट्यातल्या, धर्माबादकडच्या काही गावांनी आम्हाला तेलंगणात जाऊ द्या म्हटलं, तेव्हा मुंबईत पुष्कळांना राग आला. मला राग आला नाही, वाईट वाटलं. त्या गावांनी शेजारच्या शिवारात काय मिळतं ते पाहिलं होतं. पण राज्य बदलणं हा उपाय नाही. लेंडी प्रकल्पाचंच घ्या. मुखेडात गोणेगावला धरण, पाणी देगलूरला आणि तिकडे मदनूर-बिचकुंद्यालाही. एकेकाळी एकाच तालुक्यातल्या शिवारांना पाणी द्यायला दोन राज्यांचा करार लागला, आणि १९८० च्या दशकात सुरू झालेलं काम दशकानुदशकं रेंगाळलं. राज्य बदलून ते लवकर झालं नसतं.

कलम ३७१ च्या दुसऱ्या खंडाचा दुरुस्त मसुदा मी एका कागदावर टाइप करून आणला आहे. मंडळाला मुदत नसेल, असं त्यात लिहिलं आहे. “पुरेशी संधी” या शब्दांपुढे जन्म किंवा रहिवासानं मराठवाड्याच्या, विदर्भाच्या विद्यार्थ्यासाठी आणि उमेदवारासाठी प्रमाण ठरवण्याचा अधिकार लिहिला आहे. कोकण आणि खानदेशासाठी काय लिहावं ते मला अजून जमलेलं नाही, तिथे जागा कोरी सोडली आहे. कागद दाराजवळच्या टेबलावर आहे, शंभर प्रती आहेत. समास मोठा ठेवला आहे, त्यात लिहा. सोमवारी सकाळी मी कोर्टाच्या बाररूममध्ये बसतो, तिथे आणून द्या.