बिनबियांच्या द्राक्षाचा वंश

तासगावच्या द्राक्षात बी लागत नाही.
मग, श्रोतेहो, या वेलाचा वंश चालतो कसा?

थॉम्पसन सीडलेस या जातीत परागीभवन होते.
फलनही होते.
बी धरू लागते, पण आतला गर्भ लवकरच खुंटतो.
मण्यात उरतो फक्त बियांचा मऊ अंश.

वंश चालवते ती काडी.
बागायतदार चांगल्या वेलाची काडी निवडतो
आणि खुंटावर कलम करतो.
कलमातून वाढलेल्या वेलीत मूळ वेलाचेच जनुक येतात.
बी नाही, काडी वंश चालवते.

मग नवी जात येते कुठून?
पेशी विभागताना जनुकांची नक्कल होते.
क्वचित त्या नकलेत बदल राहून जातो.
हेच उत्परिवर्तन.
ते वेलीच्या डोळ्यात झाले, तर त्यातून फुटणारी फांदी वेगळी निघू शकते.

तासगाव तालुक्यातल्या बोरगावात, बागायतदार आर्वे यांच्या बागेत,
अशाच वेगळ्या वेलाची निवड झाली.
ती जात म्हणजे तास-ए-गणेश.
सोलापूरकडची लांबट मण्यांची सोनाका हीही थॉम्पसनचीच संतती.
प्रयोगशाळेबाहेर, शेतकऱ्याच्या पारखी नजरेने झालेले हे मोठे काम आहे.

चार्ल्स डार्विनने 1859 च्या आपल्या ग्रंथाची सुरुवात
माणसाने केलेल्या अशाच निवडीपासून केली.
बदल आपोआप होतो, निवड माणूस करतो.

मात्र सारख्या जनुकांच्या बागेत दुबळेपणाही सारखाच असतो.
डाऊनी रोग आला, की सगळ्याच वेली त्याला बळी पडू शकतात.
म्हणून बागेत वेगळी फांदी दिसली,
तर छाटणीआधी तिला खूण करून ठेवावी.