पाण्याचा वाटा



पैठणच्या जायकवाडी धरणाविषयी आज मी आपणांशी बोलणार आहे. 1965 साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी त्याची पायाभरणी केली आणि 1976 साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गोदावरीवर सुमारे दहा किलोमीटर लांबीची ही भिंत उभी आहे. तिचा डावा कालवा 208 किलोमीटर लांब असून उजवा 132 किलोमीटर आहे. छत्रपती संभाजीनगर व जालना ही शहरे याच जलाशयाचे पाणी पितात.

नद्यांच्या योजनांचा हा विषय आपणांस परका नाही. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्याच्या हक्कासाठी उभे राहिलेले बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि दामोदर व महानदी यांच्या योजनांचा पाया त्या वेळी त्यांच्याच खात्यात घातला गेला.

परंतु धरणात पाणी साठले म्हणजे ते सर्वांस मिळाले, असे होत नाही. कालव्याचे पाणी जमिनीच्या मागे जाते. 2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्था स्थापन झाल्या, पण त्यांचे सभासद जमीनधारकच. भूमिहीन मजुराच्या दारावरून पाट वाहतो. त्याला मिळते ती परक्या शेतातील मजुरी.

मग कायदा निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. 2005 च्याच दुसऱ्या एका कायद्याने असे ठरविले की, टंचाईच्या वर्षी खोऱ्यातील सर्व धरणांनी तूट सारखी सोसावी. त्याच्या आधारे 2014 साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने नाशिक व अहिल्यानगरकडील वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याचा आदेश दिला. 2016 साली मुंबई उच्च न्यायालयाने हे समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. वरच्याने खालच्याचे पाणी अडवू नये, हे नद्यांच्या बाबतीत मान्य झाले. तोच न्याय गावात का लागू नये?

राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यास पहिले स्थान आहे, आणि त्यास सातबाऱ्याचा उतारा लागत नाही. म्हणून ग्रामसभेस जा. भगिनींनी तर अवश्य जावे. नळयोजनेचा आराखडा पाहावयास मागा. आपल्या वस्तीपर्यंत नळ आला आहे काय, व शेवटच्या घरी किती वेळ पाणी येते, हे विचारा. उत्तर न मिळाल्यास लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या. महाडला आपल्या आजोबांनी पाण्यास हात लावला. आता त्या पाण्याचा हिशेब मागणे आपले कर्तव्य आहे.

जय भीम!