चारात एक

सिकलसेल हा आजार जनुकातील एका अक्षराच्या बदलाने होतो. अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिनच्या जनुकात 'ए'च्या जागी 'टी' येतो आणि प्रथिनसाखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एकच प्रत बदललेली असली तर विदर्भात 'एएस पॅटर्न' म्हणतात, म्हणजे वाहक. दोन्ही बदललेल्या असल्या तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. मेंडेलने १८६६ साली वाटाण्याच्या आधारे मांडलेला अप्रभावी गुणाचा वारसा तो हाच.

यजमान, स्वागताध्यक्ष आणि दुबईतल्या देऱ्यातली रहदारी ओलांडून आलेले श्रोते यांचे मनापासून आभार. या अध्यक्षपदावरून वर्षाचा आढावा घेण्याची रीत आहे. २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सिकलसेलवरच्या क्रिस्पर या जनुक-संपादन उपचारापासून तो सुरू झाला असता. पण त्याआधी एक चूक निस्तरायला हवी, आणि ती रुग्णांची नाही, डॉक्टरांची आहे.

आईवडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, एएस ५० टक्के, निर्दोष २५ टक्के. हे गणित वाटणीसारखे सांगितले जाते. 'पहिल्याला झाला, आता पुढचे तिघे सुटले' हे वाक्य पदवीधर तोंडून निघते. जनुकाला मागचे मूल आठवत नाही. दर वेळी डाव नवा.

कुटुंबांना आकडे सांगावेत की नुसता सल्ला द्यावा, यावर व्यवसायात वर्षानुवर्षे वाद आहे. प्रस्तुत वक्त्यापुरता तो देऱ्यातल्या तपासणीच्या खोलीत मिटला. पूर्व विदर्भातले जोडपे, थोरला मुलगा एसएस. कुणीतरी दिलेल्या त्याच भरवशावर दुसरे मूल झाले, तेही एसएस. सासरी बोल लागला तो सुनेच्या माहेरच्या रक्ताला, अहवाल मात्र दोघांचेही एएस. तेव्हा टेबलावर एक-एक दिरहमची दोन नाणी आली, एक तिचे, एक त्याचे. दल्ल्याची, म्हणजे कॉफीच्या किटलीची बाजू हे बदललेले जनुक. दोघांनी नाणी उडवली. पाचव्या आणि सहाव्या वेळी लागोपाठ दोन्हींवर किटली आली. नवरा बराच वेळ स्वतःच्या नाण्याकडे पाहत राहिला. आकडे समजतात; समजावणाऱ्याने अर्धा तास द्यावा लागतो.

हा प्रश्न इथे परका नाही. पूर्व अरबस्तानात आणि मध्य भारतात या जनुकाभोवतीचा डीएनएचा पट्टा एकाच ठेवणीचा आढळतो. त्याला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात. त्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त टिकते, म्हणून आजार अनेकदा सौम्य राहतो. जानेवारी २०२५पासून अमिराती नागरिकांना विवाहपूर्व जनुकीय तपासणी बंधनकारक आहे. भारताने जुलै २०२३मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, उद्दिष्ट २०४७चे.

इथल्या मराठी कुटुंबांसाठी सोप्या भाषेतली एक पुस्तिका आणि समुपदेशनाची काही सोय व्हावी; तपशील पुढे ठरतील. वारेच्या पेशींवरून गर्भाची तपासणी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात होते. नवरा आणि बायको, दोघांचेही अहवाल त्याआधी हाती असावे लागतात.