प्रतिकारशक्ती कुणाची कमी पडली?



कॅन्सर वॉर्डात समाजसेविका म्हणून काम करताना एक वाक्य मी सतत ऐकते : "हिची प्रतिकारशक्तीच कमी पडली." पुरुषाला तोंडाचा कॅन्सर झाला की तंबाखूला दोष. बाईला झाला की तिच्या उपासतापासांना, 'मनाला लावून घेण्या'ला. ती वर्षानुवर्षं मिश्री लावत असते, हे कुणाला आठवत नाही. मग उसनवारी करून शक्तीच्या पावडरी येतात.

खरं काय घडतं? आपल्या रक्तातल्या टी-पेशी म्हणजे पहारेकरी. बिघडलेली पेशी ओळखून त्या मारतात. त्यांनी धडधाकट अवयवांवर तुटून पडू नये म्हणून शरीरानंच त्यांना ब्रेक दिलेत. पीडी-१ हा त्यातला एक. कॅन्सरची पेशी पीडी-एल१ नावाचं प्रथिन पुढे करून नेमका तोच ब्रेक दाबते. म्हणजे पहारेकरी हजर असतो, पण त्याला गप्प बसवलेलं असतं. (हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको!)

असे ब्रेक सोडवण्याच्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं. त्यातून आलेल्या औषधांनी काहींना वर्षानुवर्षांचं आयुष्य दिलं, पण पुष्कळांना गुण येत नाही. गाठीत टी-पेशी शिरल्याच नसतील तर ब्रेक सोडवायचा कुणाचा? काही गाठी आपली ओळख पटवणारी प्रथिनंच पेशीवरून काढून टाकतात. काही जणी शरीरातल्याच, इतर पेशींना आवरणाऱ्या नियंत्रक टी-पेशी भोवती गोळा करतात. यातलं काहीही पावडरीनं सुटत नाही. बाईच्या मनोबलानंही नाही.

आणि किंमत? पूर्ण डोस लाखांत जातो. मुंबईच्या टाटा रुग्णालयानं डोकं-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरवर निव्होलुमॅबचा अगदी छोटा डोस, तीन आठवड्यांतून २० मिलिग्रॅम, तोंडावाटे घ्यायच्या औषधांबरोबर देऊन पाहिला. २०२२ मध्ये निष्कर्ष आले : वर्षानंतर हयात असलेले रुग्ण शंभरात सुमारे ४३, नुसत्या गोळ्यांवर सुमारे १६. परवडत नाही म्हणून गप्प परतण्याआधी डॉक्टरांना या छोट्या डोसाबद्दल जरूर विचारा.

आणखी एक. ब्रेक सुटलेल्या पेशी कधी आपल्याच आतड्यावर, फुप्फुसावर, थायरॉईडवर उलटतात. हे औषध चालू असताना जुलाब लागले, दम लागला, तर अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. घरच्यांना नंतर सांगितलं तरी चालेल.